रकाना क्रमांक अकरा

फोन आला तेव्हा मी डब्यासाठी मेथी निवडत होते.
पोरीचा आवाज, दबका, मागे कुठंतरी मिक्सर:
"अक्का, आमच्या वर्गातल्या सौंदर्याचं उद्या हाय.
आज हळद. माझं नाव सांगू नका."
आणि कट.
नाव तिनं सांगितलंच नव्हतं.

दस्तगीरनं जीप काढली. शिपाई हुक्केरीबाई
अर्धा डबा हातात घेऊनच चढल्या.
निपाणीपासून पुढं काचा लावल्या तरी
तंबाखू आत येते, घशाशी बसून राहते,
आपलं कुणीतरी असल्यासारखी.

मुख्याध्यापकांनी दाखल्यांचं रजिस्टर उघडलं,
ओळीवर बोट ठेवलं, आणि बोट न उचलता म्हणाले,
"मॅडम, मला या गावात अजून चार वर्षं काढायचीत."
पंधरा वर्षं सात महिने.
मी आकडा तळहातावर लिहून घेतला.

मांडवात उद्याच्या दोनशे पानांचा भोपळा चिरून तयार.
मामा पुढं आला. लग्न इथं नाहीच म्हणाला,
नदीपल्याड आहे, तिकडं महाराष्ट्र,
तुमचं राज्य पुलापर्यंत.
"कायदा दोन्हीकडं एकच, मामा.
शिक्का तेवढा वेगळा."
हे वाक्य मी अकरा वर्षं वापरते आहे,
दरवेळी पहिल्यांदाच सुचल्यासारखं.
पल्याडच्या बाईंना फोन मी वाटेतच लावला होता.

कुणीतरी पाण्याची घागर लाथाडली.
एक म्हातारा मला कन्नडमध्ये खूप काही बोलला,
मग, कळलं नसेल म्हणून,
सगळं पुन्हा मराठीत बोलला.

ती आली. कोपरापर्यंत हळद, पायात चुलतभावाच्या चपला.
रडली नाही. टोलनाका गेला, संकेश्वर गेलं,
तेव्हा कुठं म्हणाली,
"तेवढा भोपळा आता वाया जाणार, न्हवं?"
दस्तगीरनं रेडिओ लावला. लगेच बंद केला.

बेळगावात ऑफिसचा पंखा, ऑफिसची ट्यूब.
फॉर्म कन्नडमध्ये. मी वाचते कन्नड, विचारते मराठी,
लिहिते परत कन्नड; मधल्या मधे
काय सांडतं ते कुठं नोंदवायचं
याला रकाना नाही.
अकरावा आहे मातृभाषेचा. एका शब्दाची जागा.

"आई मारताना कन्नड बोलती," ती म्हणाली,
"जवळ घेताना मराठी.
काल दोन्ही न्हाई बोलली."

पेन तिथंच थांबलं.
तिला सही येत होती, अंगठ्याची गरजच नव्हती,
तरी कागद सरकवताना कोपऱ्यावर
तिचा पिवळा अंगठा उमटला.
मी तो पुसला नाही. वरिष्ठांनी नंतर विचारलं, हे काय.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"
"माहीत नाही."
"रुकसारनं?"
"माहीत नाही, बाळा."
"तिला सांगा..." म्हणाली, आणि पुढं
बालगृहाचं फाटक येईपर्यंत काहीच नाही.
तो अर्धा निरोप अजून माझ्याकडं आहे.
शिवी असेल. नसेलही.

समितीपुढं बापानं हमीपत्रावर सही केली,
अठरा होईपर्यंत नाही, साहेब, देवाशपथ.
ती घरी गेली. फाईलवर मी लिहिलं: पाठपुरावा, दर महिना.
पहिला महिना गेले. दुसरा गेले.
मार्चमध्ये डिझेलचे पैसे संपले.

परवा निपाणी स्टँडवर दिसली.
उंच झाली आहे. खांद्याला दप्तर,
किंवा दप्तरासारखी पिशवी.
माझ्याकडं बघितलं आणि दुसरीकडं बघितलं.
बरोबरच आहे, आम्हीच शिकवतो त्यांना:
चारचौघांत ओळख दाखवू नका.
मला सवय आहे आधी मनगटं बघायची,
चुडा आहे का.
बाह्या लांब होत्या.

चिक्कोडीची बस मागं घेत घेत आली,
कंडक्टर दोन्ही भाषांत ओरडत होता.
ती चढली. खिडकी मिळाली तिला.
मी हात वर केला,
आणि वर गेलेल्या हातानं
केस सारखे केले.